डाव्या बाजूची ओल

त्या गुरुवारी मी बोरिवलीला मुलीकडे जेवायला बसलो होतो. अनंताच्या पत्नीचा, कुसुमवहिनींचा, फोन आला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "भाऊजी, यांना एकटं सोडून तुम्ही कुठे गेलात?" मला प्रश्नाचा अर्थच लागला नाही. अनंता आरे कॉलनीत, तबेल्याजवळच्या रस्त्याकडेला, आमच्या जुन्या पिकअपमध्ये गेलेला सापडला होता. गाडी नीट कडेला घेतलेली, हँडब्रेक ओढलेला. रस्त्यावरच्या कोणाला धक्का लागू नये, एवढी काळजी त्याने अखेरपर्यंत घेतली होती. वहिनींच्या समजुतीप्रमाणे मात्र ती गाडी मी चालवत होतो.

अनंता आणि मी मुलुंडच्या एका कारखान्यात एकाच खात्यात होतो. राहायलाही एकाच सोसायटीत. कारखाना बंद झाल्यावर दोघांनी मिळून ही पिकअप घेतली. घेतली तेव्हाच ती जुनी होती. आरेतून शेणखत आणि रोपे आणून मुलुंड-घाटकोपरच्या सोसायट्यांना पोचवायची, असा आमचा उद्योग. गाडी अनंता चालवी. तो माझ्याहून चांगली चालवी, हे नोंदवले पाहिजे. पुढे एकदा त्याला चालत्या गाडीत चक्कर आली आणि डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायला मनाई केली. चावी माझ्याच घरी राहील, असा शब्द वहिनींनी माझ्याकडून घेतला. अनंताने त्यांच्यादेखत ती माझ्या हातावर ठेवली. "घे नान्या, आजपासून तू ड्रायव्हर, मी शेठ." वहिनी हसल्या. मी चावी दारामागच्या खिळ्याला लावली आणि निश्चिंत झालो...

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात गाडीत पाणी शिरू लागले. डावीकडे, अनंता बसे तिथे, पायाखालची मॅट भिजून जाई. गाडीतली गळती शोधण्याची एक शिस्त असते. पाणी जिथे साचते तिथून ते शिरलेले नसते. पत्र्याच्या घड्यांतून वाट काढत ते खाली येते. म्हणून एकाने टॉर्च घेऊन आत बसायचे, कोरड्या पत्र्यावर रांगोळी भुरभुरायची आणि ओघळ कुठून येतो ते पाहायचे. दुसऱ्याने बाहेरून पाणी सोडायचे. आधी खाली, मग वर, एका वेळी एकच जागा. आत मी बसे. पाइप अनंता कोणाला देत नसे. आतल्या माणसाला बाहेरचे दिसत नाही. बाहेरचा सांगेल ते खरे धरावे लागते. "आता दार बघ... आता काचेचं रबर... आता टप." दाराचे रबर बदलले. काचेखालच्या पन्हळीत कुजलेली पाने अडकली होती, ती तारेने काढली. रेडिओच्या जुन्या एरिअलचे भोक बुजवले. दरवेळी तपासणीत गाडी कोरडी ठरे आणि पुढच्या मोठ्या सरीत मॅट पुन्हा भिजे. जागा सापडल्याशिवाय लेप फासायचा नाही, हा माझा नियम. अनंता चिडवी, "म्हातारीला घाम येतोय रे, सोड ना तिला." वाटेत मी विचारले की मॅटवर पाय दाबून तो सांगे, "कोरडं आहे." पुढचा पावसाळाही असाच गेला.

अंत्यविधीनंतर गाडी आणायला मी आरेत गेलो. गाडीला लागलेली चावी नवी करून घेतलेली होती. आम्ही खत दुसरीकडून घेत असू, त्यामुळे या तबेल्याच्या मालकाने मला पूर्वी पाहिलेले नव्हते; नाव सांगताच त्याने खुर्ची दिली, चहा मागवला आणि आपुलकीने विचारले, "काका, तुमची चक्कर कशी आहे आता?" "कसली चक्कर?" मी विचारले. तो म्हणाला, "अनंताअण्णा सांगायचे ना, डॉक्टरांनी नानाची गाडी बंद केली म्हणून. दर गुरुवारी एकटेच यायचे. चक्कर मारायचे, चहा प्यायचे, जायचे." गुरुवारी मी बोरिवलीला असतो, हे अनंताला ठाऊक होते. घरी तो सांगून निघे की नान्या चालवतोय. घरी माझे नाव आणि तबेल्यावर माझ्या अंगावर स्वतःचा आजार...

मी हे वहिनींना सांगितले. त्यांचा विश्वास बसला नाही. तबेल्यावाला काहीही बोलेल, म्हणाल्या. गेले असतील ते त्या एका दिवशी. मग शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हीच चावी दिलीत ना? सांगून टाका. मी रागावणार नाही." मी खिळ्यावरची चावी दाखवली. त्यांनी तिच्याकडे पाहिलेही नाही. सोसायटीतही माझ्याशी कोणी मोकळेपणाने बोलेना.

पाऊस तोंडावर आला. हाती घेतलेले काम मला अर्धे ठेवता येत नाही. मी गाडी नळाजवळ लावली, आत रांगोळी टाकली, पण पाणी सोडायला माणूस नव्हता. वहिनी आपणहून खाली आल्या आणि पाइप हातात घेतला. त्यांना आमची शिस्त ठाऊक नव्हती. त्यांनी सरळ टपाच्या डाव्या कोपऱ्यावर धार धरली. क्षणात रांगोळीतून ओघळ खाली आला. बाहेर येऊन मी तिथला रंग खरवडला. खाली पत्रा ठोकलेला, खड्ड्यात लांबीची पुटी भरलेली, आणि त्या पुटीला तडा. कोपरा कुठेतरी जोरात आदळला होता. माझ्या हातून गाडीला कधी काही लागलेले नाही.

वहिनींनी तड्यावरून बोट फिरवले. "पाणी यायला लागलं ते चावी दिली त्याच वर्षी, ना?"

मी होय म्हणालो. त्यांनी नळ बंद केला.

"मला फसवलं ते एक वेळ समजेन. पण तुम्हाला आत बसवून, वरून भलतीकडेच पाणी ओतत राहिले?"

उत्तर ज्याने द्यायचे, तो निघून गेला आहे. दुसऱ्या दिवशी वहिनींनी नवी चावीही माझ्याकडे आणून दिली. दोन्ही चाव्या आता एकाच खिळ्यावर आहेत.

तो कोपरा मी पत्र्यापर्यंत खरवडला, वेल्डरकडून झाळून घेतला, रंगवला. आता भर पावसातही गाडी गळत नाही. खत पोचवायला मी एकटाच जातो. सिग्नलला थांबलो की सवयीने "कोरडं आहे का रे?" असा प्रश्न ओठांवर येतो. मग मी वाकतो आणि डावीकडच्या मॅटवर स्वतः हात ठेवून पाहतो.