कापलेली कड

माझ्यासारख्याने लिहावं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि शिकतोय तेही इंजिनिअरिंग. लिहिण्यातलं मला फारसं कळत नाही, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या. पण ही गोष्ट आठवली की मला स्वतःची किळस येते, म्हणून लिहितो.

बाबा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. पुढे काचबिंदू झाला आणि त्यांची नजर कडेकडून आत मिटत चालली. मी शिकायला नेदरलँड्समध्ये, डेल्फ्टला निघालो तेव्हा त्यांनी एक व्हिडिओ कॅसेट माझ्या हातात ठेवली. गावातल्या सोनारांच्या लग्नाची, मागून आणलेली. "यात मी वाजवताना आहे. दिसतंय तोवर एकदा बघायचंय." ती चालवायचं यंत्र गावात कुणाकडेच उरलं नव्हतं.

इथे क्रिंगलोपमध्ये, म्हणजे वापरलेल्या वस्तूंच्या दुकानात, व्हीसीआर मिळाला. कॅसेट उघडली तर फितीवर पांढरी बुरशी, आणि वास असा की मळमळावं. कापसाच्या काड्या स्पिरिटमध्ये बुडवून पुसत बसलो. काड्या तपकिरी, चिकट होत गेल्या.

"अरे, हे ओट्यावर?" सोबत राहणारा पुण्याचा मित्र कुकर हातात धरून उभा. "इथे जेवण करतो आपण!"

"दहाच मिनिटं."

"तुझ्या दहा मिनिटांत माझी डाळ आंबेल."

कॅसेटवरून लॅपटॉपात भरून घेतलेलं पहिलं कॅप्चर म्हणजे नुसता चिखल होता. हलणाऱ्या हातांवर फणीच्या दातांसारख्या रेघा, तळाशी खरखरीची पट्टी, डावी कड सतत फडफडणारी. मला ते बघवेना. असलं घाण चित्र बाबांना कसं पाठवायचं? दुसरं, बरं कॅप्चर यंत्र मागवलं. पुन्हा भरून घेतलं, रेघा मिटवल्या, खरखर काढली, फडफडणारी कड कापून टाकली. मूळ फाइलने डिस्क भरली होती, म्हणून तीही पुसली. यात तीन आठवडे गेले. आई विचारायची, "झालं का रे?" मी म्हणायचो, "अजून थोडं सुधारतोय." तिकडे बाबांची नजर मिटायची थांबलेली नव्हती, हे मला माहीत होतं.

सगळी मेहनत मधोमध चालणाऱ्या माणसावर घेतली. टोपी, मिशा, तोंडाशी क्लॅरिनेट. मी बाबांना कायम मधोमधच चालताना पाहिलेलं. बँडमध्ये ती जागा उस्तादाची, आणि मला कळायला लागलं तेव्हा बाबाच उस्ताद होते.

पाठवलं. बाबांनी बघून फोन केला.

"छान केलंस. पण हे आमचे उस्ताद रे. मी तेव्हा नवा. नवा माणूस कडेला चालतो, डोक्यावर दिवे घेतलेल्या बायकांच्या शेजारी. ती कड कुठंय?"

"फडफडत होती, म्हणून कापली."

"म्हणजे बापालाच कापलंस होय रे लेका?" ते हसले.

बुरशीची आली नव्हती एवढी किळस मला त्या गुळगुळीत, स्वच्छ चित्राची आली. त्यात मी माझी हुशारी दाखवत बसलो होतो, आणि ज्याच्यासाठी केलं तोच माणूस घाण म्हणून कापून टाकला होता.

कॅसेट परत घातली. व्हीसीआर किंचाळत होता, फीत कधीही तुटली असती. काहीही न सुधारता, आहे तसं भरून घेतलं. फडफडणाऱ्या कडेत एक किडकिडीत मुलगा होता, मोठ्या मापाच्या कोटातला. लगेच पाठवलं.

दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी आईच्या आवाजातला निरोप आला:

"दवाखान्यात होतो रे. बाबांचा डावा डोळा गेला म्हणाले डॉक्टर. उजव्याने मधलंच दिसतं, रुपयाएवढं. आज बाबा फोन डोळ्यासमोरून सरकवत सरकवत कडेपर्यंत गेले. म्हणाले, कोट उस्तादांचा होता, बाह्या बघ केवढ्या लांब."