मागची खोली आणि पिराजी

पिराजी खटकचिंचोळीचा. त्याच्या घरच्यांनी छप्पन्नानंतर बौद्ध धम्म घेतला, आणि पुढं आठ-नऊ वर्षांनी तो आमच्या सीमाभागातल्या तालुक्याच्या कचेरीत कारकून म्हणून आला. मी गुंडेराव, त्याच्या शेजारच्या टेबलाचा कारकून. निजामाच्या वेळची दगडी इमारत, आत बारक्या बारक्या खोल्या. आम्हा दोघांच्या वाट्याला सगळ्यात मागची आली.

त्या खोलीची अजून सय येते. बाहेर कन्नड, जुन्या दप्तरात उर्दू, खोलीत मात्र आपली मराठी. दीड वाजला की मी उठून कडी लावायचो. मग त्याच्या डब्यातली अंबाडीची भाजी माझ्या भाकरीवर आणि माझी शेंगाची चटणी त्याच्या. त्याच्या बायकोच्या, विमलवहिनीच्या हाताला काय चव होती! नऊ वर्षं असे जेवलो. माझ्या घरी कुणाला पत्ता लागू दिला नाही.

चौऱ्याहत्तरात नवी इमारत झाली. एकच लांबलचक हॉल, आत आडभिंत म्हणून नाही. सगळ्यांनी नाकं मुरडली. हावगेप्पाची दुपारची डुलकी गेली. नागनाथ म्हणाला, "ही कचेरी हाय का लग्नाचा मांडव?" खूश होता तो एकटा पिराजी. इस्त्रीचा सदरा घालून आला आणि टेबल अगदी मधोमध मांडून घेतलं.

दीड वाजला. त्यानं डबा उघडला, माझ्यासाठी खुर्ची ओढली. सारा हॉल आपल्याकडंच बघतोय असं मला वाटलं. "आज पोट बरं न्हाई," म्हणालो. दुसऱ्या दिवशी उपास सांगितला. तिसऱ्या दिवशी काही न सांगताच बाहेर सटकलो. लाज वाटत होती, पण लोकांची भीती तिच्याहून मोठी होती.

चौथ्या दिवशी सकाळी व्हरांड्यात त्याला गाठलं आणि रडगाणं सुरू केलं, "पिराजी, आपली खोलीच बरी होती रे. सुखानं जेवत होतो."

तो हसला नाही. "गुंडेराव, कडी तर रोज तूच लावत होतास. म्या एक दिवस तरी लावलो का?"

नऊ वर्षांत हे माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं. उलट, आपण किती मोठ्या मनाचे, असं मनातल्या मनात वाटून घ्यायचो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या दुपारी माझा डबा घेऊन उठलो आणि त्याच्या टेबलाशी जाऊन बसलो. नागनाथचा घास हातातच राहिला. कुणीतरी खाकरलं. पिराजी नेहमीसारखी भाजी वाढेल म्हणून मी थांबलो. तो खाली मान घालून भाकरी मोडत राहिला.

शेवटी मी भाकरी पुढं धरली आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणालो, "पिराजी, भाजी वाढ की."

तेव्हा त्यानं वाढली.