एकतीस जणांचा रविवार

वेळ पाळणारे जगात दोघंच, एक सूर्य आणि दुसरे आमचे गणिताचे सर. आणि त्यातही सूर्याला पावसाळ्यात सवलत असते. सरांनी उभ्या नोकरीत ती कधी घेतली नाही. कृष्णाकाठच्या आमच्या गावात घड्याळं होती, पण ती सरांवरून लावली जात. सायकल पुलावर दिसली की डेअरीवाला म्हणायचा, "धा वीस झालं बगा," आणि मग शाळेची घंटा देणारा शिपाई बिडी विझवायचा. उंची बेताची, शर्ट पांढरा, खिशात खडूचे तुकडे. त्यामुळे खिसा कायम गिरणीतून आल्यासारखा दिसायचा. त्यांच्या सायकलला घंटा नव्हती. ती त्यांनी स्वतःच काढून टाकली होती, कारण ती ऐकली की दांडी मारलेली पोरं मागच्या दारानं पळतात, असा त्यांचा अनुभव होता.

गैरहजेरी हा सरांचा खरा वैरी. बाकीचे मास्तर हजेरीला नावं वाचत, सर बाकांकडे बघत. दहावीच्या वर्गात आम्ही एकतीस जण. एकतीस डोकी दिसली की खडू हातात घ्यायचे. एक जरी कमी असलं तरी आम्हाला चांगलं खडूस गणित घालून सायकलवर टांग मारायचे आणि पाव तासात त्या चुकार जिवाला कॅरिअरवर बसवून आणायचे. आमचा विलास आता फौजेत सुभेदार आहे आणि तो नुसता खाकरला तरी जवान ताठ होतात म्हणे. पण तेव्हा तो वर्गातला अव्वल दांडीबहाद्दर होता. एकदा सर थेट त्याच्या गोठ्यात जाऊन उभे राहिले. "सर, म्हस व्याली," विलास म्हणाला. "म्हस व्याली. मग तू कशापायी निजलायस?" "सर, कारण खरं हाय, आईशप्पथ." "कारण खरं असंल गड्या. पर बाकावर कारण बसत न्हाई, पोरगं बसतं." विलास त्या दिवशी अनवाणी, केसांत वैरणीच्या काड्या घेऊन वर्गात आला आणि त्याच अवतारात प्रमेय शिकला. दोन दिवसांनी त्याच्या आईनं सरांना खरवस पाठवला. सरांनी फूटपट्टी लावून त्याच्या बरोबर एकतीस वड्या पाडल्या. बत्तिसावी पाडायचं त्यांना सुचलंच नाही.

सर मारत नसत. त्यांची शिक्षा मारापेक्षा भयंकर होती. ज्याचं गणित तीनदा चुकलं त्यानं मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत सरांच्या शेजारी बसून सरांच्या डब्यातलं जेवायचं. घशाखाली घास उतरायचा नाही. "खा की, गणित चुकलंय, भूक चुकली न्हाई," असं म्हणत ते आणखी एक चपाती वाढायचे. पद्मजा सांगलीच्या हळदीच्या व्यापाऱ्यांची मुलगी, जैन, आमच्या गावी आजोळी राहून शिकत होती; तिच्या घरी कांदा-लसूण चालत नसे. तिच्यावर शिक्षेची वेळ आली त्या दिवशी सरांच्या डब्यातल्या वांग्याला कांदा-लसूण नव्हता. म्हणजे तिचं गणित तिसऱ्यांदा चुकणार हे सरांनी आदल्या दिवशीच ताडलं होतं आणि घरी काकूंना तसं सांगून ठेवलं होतं. पद्मजा ही गोष्ट आजही सांगते आणि सांगताना हसू की रडू हे तिचं तिला ठरत नाही.

सरांचं लहानपण कोयनानगरच्या वसाहतीत गेलेलं, त्यामुळे भूकंप त्यांना पाहुण्यासारखा. येतो, जरा बसतो, जातो. नववीत असताना एकदा भर तासाला धक्का बसला. खिडक्यांची तावदानं वाजली आणि आम्ही दप्तरं टाकून मैदानात पळालो. सर मागे राहिले. समीकरणाच्या उरलेल्या दोन ओळी लिहून, हात झटकत सावकाश बाहेर आले आणि म्हणाले, "विचारल्याशिवाय वर्ग सोडायचा नसतो." मग त्यांनी आमच्याकडे पाहिलं, ओठांतल्या ओठांत मोजलं, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. तीसच भरत होते. सर पळाले. सरांना पळताना आम्ही आयुष्यात तेवढंच एकदा पाहिलं. बाकाखाली मुटकुळं करून बसलेल्या पद्मजाला त्यांनी दंडाला धरून बाहेर आणलं आणि मग पाच मिनिटं ते नुसते मैदानाच्या कडेला उभे होते. त्या दिवशी गृहपाठ मिळाला नाही, यावरून काय ते समजा.

शाळा सुटली तरी सर सुटले नाहीत. ज्या विद्यार्थ्याची पत्रिका जाईल त्याच्या लग्नाला ते हजर, आणि तेही पत्रिकेवर छापलेल्या मिनिटाला. आता आमच्या भागात पत्रिकेवरचा मुहूर्त ही शोभेची गोष्ट असते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. सरांना ते कुणी सांगितलं नव्हतं. विलासच्या लग्नात ते बारा पस्तीसला पोचले तेव्हा मांडवात दोन कुत्री आणि एक वाजंत्रीवाला होता. सरांनी नवरदेवाची चौकशी केली. नवरदेव घरामागच्या परड्यात न्हाव्यासमोर बसला होता, निम्म्या गालाला साबण. सर तिथे गेले, खिशातून अक्षता काढल्या, विलासच्या फेसावर टाकल्या, "सुखानं नांदा" म्हणाले आणि एकच्या एसटीनं परत गेले. अल्बममध्ये तो फोटो आहे. विलासची बायको म्हणते, माझं लग्न तीनला लागलं, पण ह्यांचं बारा पस्तीसलाच लागलं होतं.

निवृत्तीनंतर सर आणि काकू साताऱ्याला किल्ल्याच्या पायथ्याशी राहायला गेले. आम्ही पांगलो. मी कुपवाडला लेथ मशिनं टाकली, पद्मजा सांगलीतच दिली, विलास देशभर फिरला. मग तीन वर्षांपूर्वी मोबाईलवर वर्गाचा ग्रुप निघाला आणि सगळ्यांना एकदम गहिवर आला. सरांच्या घरी जायचं, शाल-श्रीफळ द्यायचं, दिवसभर बसायचं. बोलायला मी बरा म्हणून सरांना फोन करायचं काम माझ्याकडे आलं. सरांनी नेहमीप्रमाणे पहिला प्रश्न विचारला, "किती जण येणार?" म्हटलं, "सर, पंचवीस तरी येतील." सर म्हणाले, "आणि राहिलेले सहा?"

झालं. मी ग्रुपवर टाकलं, सरांना पूर्ण वर्ग पाहिजे, एक जरी कमी असला तरी ते खडू उचलणार नाहीत. सगळ्यांना ते मनापासून पटलं. एकतीस म्हणजे एकतीस. तिथून आमचा घोळ सुरू झाला. दिवाळीचा रविवार ठरला तर विलासची रजा रद्द झाली; त्याची पलटण आसामात. पुढच्या वर्षी जानेवारीचा ठरला तर पाचसहा जणांच्या उसाला कारखान्याची तोड आली, आणि तोड आल्यावर शेतकरी स्वतःच्या लग्नालाही जात नाही. कुणाच्या मुलीची बारावी, कुणाची भावकीतली सोयरीक. प्रत्येक वेळी मी फोन करायचा आणि सर म्हणायचे, "बरं, पुढची तारीख कळव." ज्या माणसानं आयुष्यभर एक कारण मानलं नाही, त्याला आम्ही तीन वर्षं कारणं सांगत होतो.

यंदा फेब्रुवारीचा रविवार अगदी पक्का झाला. सकाळी दहाची वेळ मी सरांना सांगितलीसुद्धा. शुक्रवारी पद्मजाच्या सासूबाईंना दवाखान्यात न्यावं लागलं. तिनं ग्रुपवर लिहिलं, तुम्ही जाऊन या. कुणी ऐकेना. तीसच जणांनी कशाला जायचं? पुन्हा पुढे ढकललं. कुणीतरी लिहिलं, "सरांना कळवा." त्याखाली भराभर अंगठे उमटले. एक माझाही होता. अंगठा दाखवला म्हणजे काम झालं, असं काहीतरी त्या यंत्रात आहे. मला वाटलं पद्मजामुळे रद्द झालंय तर ती सांगेल, पद्मजाला वाटलं फोन नेहमी मीच करतो. सरांना कुणीच कळवलं नाही, आणि आपण कळवलं नाही हेही आम्हाला कळलं नाही.

मार्चमध्ये सर गेले. दोन दिवसांचा ताप, एवढंच निमित्त. तेराव्याला आम्ही सगळे साताऱ्यात हजर होतो. ज्या एकतीस जणांना तीन वर्षांत एक रविवार सापडला नव्हता, त्यांना एका निरोपात बुधवार सापडला. विलास आसामातून विमानानं आला. तोड थांबवून माणसं आली. आम्हाला एकमेकांना तोंड दाखवावंसं वाटेना.

जेवणं उरकल्यावर काकू अंगणात आमच्यात येऊन बसल्या. एकेकाला नावानं ओळखत होत्या. आमच्या इतक्या चुका त्यांच्या डब्यावर पोसलेल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "फेब्रुवारीत यायचं ठरलं होतं ना रे तुमचं?"

मी पद्मजाकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे.

"सातलाच आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालून बसले. शेजारच्या मंडळाच्या खुर्च्या आणवल्या, स्वतः ओळीत मांडल्या. अकरा वाजले तसं म्हणाले, हायवेचं काम चाललंय, अडकली असतील. बाराला म्हणाले, एवढ्यांची गाडी म्हणजे वाटेत कुणाला तरी गाडी लागत असंल, थांबत थांबत येत असतील. मी म्हटलं, आवं फोन तरी लावा. तर म्हणाले, नको, येणं जमलं नसंल तर पोरं उगंच ओशाळतील."

विलास उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. काकू मात्र हसत होत्या. "शिरा केला होता मी हे एवढं पातेलं भरून. मंगळवारपर्यंत दोघं तेच खात होतो."

"काकू, चूक माझी आहे," मी म्हणालो. "फोन मी करायचा होता."

"असू दे रे. कामाची माणसं तुम्ही." त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "मला एकच समजलं न्हाई. सगळे जमायची वाट कशाला बघत बसलात? दोघं जरी आला असता तरी चाललं असतं त्यांना."

त्यांनी हे तक्रारीनं म्हटलं नाही. तक्रार केली असती तर आम्हाला बरं वाटलं असतं. काकू उठल्या, आत गेल्या आणि स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज आला, "चहा टाकतेय, घेऊनच जा. बिनसाखरेचा कुणाला पाहिजे का?"

आमच्यातल्या निम्म्यांना साखरेचं पथ्य आहे. तरी काकूंनी जेवढी घातली तेवढ्या साखरेचा चहा आम्ही सगळ्यांनी घेतला.