नवमीचा घाव

आठ दसरे झाले, हर्कमान पुनचा एकही घाव वाया गेला नव्हता. हाँगकाँगच्या गुरखा छावणीत तो कारकून. वर्षभर टाइपरायटर बडवायचा; पण नवमीला देवीपुढच्या खांबाला रेडा बांधला की मोठी खुकरी त्याच्याच हाती. मान एका घावात उतरली, तर पलटणीला वर्ष सुखाचं. दुसरा घाव घालावा लागला, तर अरिष्ट.

यंदा अरिष्ट आधीच येऊन बसलं होतं आणि शिपायांत ते एकट्या हर्कमानला ठाऊक होतं. हाँगकाँग चीनच्या हवाली व्हायचं होतं, विलायत सरकारला एवढे गुरखे नको झाले होते. कुणाकुणाला नेपाळला परत धाडायचं, ती यादी त्यानेच टाइप केली होती. सव्विसावं नाव त्याच्या धाकट्या भावाचं, इंद्रमणचं. पेन्शनला दोन वर्षं कमी. दसरा उलटल्यावर यादी लागणार. तोवर ब्र काढला तर कैद. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय!

त्यातच इंद्रमणला शहरातल्या एका बँकेत पहाऱ्याची जागा चालून आली. उत्तर नवमीपर्यंत द्यायचं होतं. यादी लागल्यावर त्याच जागेवर शंभर जण तुटून पडले असते.

"घे की रे ती," हर्कमानने चार दिवस भुणभुण लावली.

"वा, दाइ! थोरला भाऊ असून हे सांगता? पलटण सोडून शेटजीच्या दारात स्टूल टाकून बसू? तुमच्या घावावर सोडलंय मी. एकात पडला तर राहिलो. दोन लागले तर त्याच दिवशी नाव कापून घेतो."

"देवीला दुसरे उद्योग नाहीत?"

"तिचं तिला माहीत. तुम्ही धार लावा."

तिथेच हर्कमानने ठरवलं, या वेळी चुकायचं. जन्मभर लोक थुंकतील, थुंकोत. भाऊ तरी वाचेल.

नवमीला ढोल थांबला. रेड्याने मान खाली घातली. हर्कमानने पाऊल मुद्दाम आखूड टाकलं, नजर मानेवरून खांद्याकडे नेली आणि खुकरी उचलली. पण हात मेला कुणाचं ऐकतो? पातं आपल्या सवयीच्या जागी उतरलं आणि मुंडकं त्याच्या पायाशी येऊन पडलं.

बंदुका उडाल्या. "वाचली पलटण!" म्हणत जवान नाचू लागले. कर्नलसाहेबांनी रिवाजाप्रमाणे त्याच्या डोक्याला पांढरा फेटा बांधला. गावाकडे बाप गेल्यावर पोरं असंच पांढरं गुंडाळतात.

हात मिळवणाऱ्यांच्या गराड्यातून तो कसाबसा सुटला आणि त्याने भावाला बाजूला ओढलं. आता कैद तर कैद.

"कान्छा, माझ्या धाकट्या, यादीत तुझं नाव आहे. मी या हातांनी टाइप केलंय."

इंद्रमण हसला आणि वाकून त्याच्या पाया पडला.

"याच हातांनी ना? मग याच हातांनी आत्ता खोडलंत की! देवीपुढे साहेबाच्या कागदाची काय मिजास? बँकेला फोन करून आलो मी. नको म्हटलं."

आणि उठता उठता त्याने भावाच्या फेट्याचं सुटलेलं टोक नीट खोचून दिलं.