फजलचं औषध

माझी नात ज्ञानदा कतारमध्ये, दोहा शहरातल्या एका प्रयोगशाळेत खड्यांवर एक्स-रे सोडते; मी इथे तिच्याकडेच राहते. अंगठीतले खडे नव्हेत. रोगातल्या कसल्याशा प्रथिनाचे, डोळ्यांना धड दिसतही नाहीत. घरात स्वतःचा चष्मा सापडत नाही आणि तिकडे असले खडे वेचते, म्हणजे कमालच.

तिच्याबरोबर पेशावरचा फजल होता. दोन वर्षं खपून त्याने एक औषध बनवलं होतं. ते खड्यात शिरून बसलं तरच त्याचं कंत्राट वाढणार होतं, आणि बसलं की नाही ते सांगायचं ज्ञानदाने. एक साधा खडा, एक औषधात भिजवलेला. दोघांवर किरण सोडले की हजारो ठिपके उमटतात, ते एकमेकांशी ताडायचे.

तिने ताडले, तर काही जुळेना. औषधाने खडाच बिघडतो, असं तिने लिहून दिलं. कंत्राट वाढलं नाही, आणि फजल सामान बांधायला लागला. जायच्या आधी आमच्याकडे जेवला आणि माझ्या आमटीत मीठ कमी आहे म्हणाला. तेवढंच काय ते बोलला.

दीड महिन्याने ज्ञानदा भरदुपारी घरी आली ती चपलांसकट ओट्याशी. माझ्या हातातलं चौकडीचं फडकं घेऊन तिने अंथरलं आणि फिरवलं.

"चौकड्या तशाच दिसतात ना, आजी? पण डाग बघ कुठे गेला."

काही खड्यांचे ठिपके म्हणे दोन तऱ्हेने मोजता येतात, दोन्ही बरोबर. पण ताडताना दोन्ही खड्यांची तऱ्हा एकच हवी. हिने एक असा मोजला, एक तसा. आज सारखे करून पाहिले, तर सगळे जुळले, आणि औषध आत बसलेलं.

"साहेबांना सांगितलंस?"

"सांगितलं. अहवाल सुधारतील. त्याची जागा मात्र खलास."

"आणि त्याला?"

ती फडक्याची घडी घालायला लागली. मीच फोन तिच्यापुढे सरकवला.

फजलने आधी माझे गुडघे कसे आहेत ते विचारलं. मग तिने अडखळत सगळं सांगितलं. पलीकडून रस्त्याचा आवाज येत होता.

"बसलं होतं ना पण?" त्याने हिंदीत विचारलं.

"हो. नीट बसलं होतं."

आता पेशावरला भावाच्या औषधांच्या दुकानात बसतो, म्हणाला. गिऱ्हाईक आलंय. आणि फोन ठेवला.