मोरचुदाची खळ

परवा एका जुन्या पुस्तकाची पानं सुटली म्हणून मी घरीच मैद्याची खळ शिजवली. बाजारचा पांढरा गोंद वाळला की कडक होतो आणि जुना कागद तिथंच मोडतो. खळीचा वास सुटला आणि मला नांदूरघाटची आमची ओसरी दिसली.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. माझे वडील, आमचे अण्णा, पुस्तकं बांधायचे. कागदाला कसर लागू नये म्हणून ते खळीत मोरचूद घालायचे. "इख हाय ते. शकूकडं ध्यान ठिव," असं मला बजावून ते दोरा आणायला आत गेले. शकू म्हणजे माझी दोन वर्षांची बहीण. वाटीतली निळसर खळ निवत होती.

अण्णा बाहेर आले तेव्हा शकूची हनुवटी निळी झाली होती. लगेच तिला उलट्या सुरू झाल्या. केजच्या दवाखान्यात नेताना जीपमध्ये अण्णांनी मला एकदाच विचारलं, "तू कुटं बघत होतीस गं?"

मी रडले. चार दिवसांनी शकू बरी होऊन घरी आली. अण्णांनी तो प्रश्न पुन्हा कधी काढला नाही.

मी शकूकडंच बघत होते. विष खाल्लं की काय होतं, ते मला बघायचं होतं.