लहान नंबरवाल्याचा पंखा

ऑफिसातले किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. चार माणसं रोज एकाच टपरीचा चहा प्यायली की ते आपोआप साठतात. आमच्याकडे माणसंच चार, त्यामुळे प्रत्येक किश्श्यात तीच ती येतात. आणि माझ्या बहुतेक किश्श्यांत मी कुणावर तरी जळत असतो, हे आधीच कबूल करून टाकतो.

ऑफिस नगरच्या एमआयडीसीत, एका टायरच्या दुकानावर. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण माझ्या तोंडात अजून नगरच येतं. काम असं, की पंपात, भट्टीत, गोदामात हवा-पाणी कसं वाहतं ते कॉम्प्युटरवर काढायचं. त्यासाठी आतल्या पोकळीचे लाखो तुकडे पाडायचे. एकेक तुकडा म्हणजे सेल, प्रत्येकाला नंबर, मोजणी शून्यापासून. दोन सेलच्या मधली भिंत म्हणजे फेस. प्रत्येक फेसला एक मालक आणि एक शेजारी. दोघांत ज्याचा नंबर लहान, तो मालक. एवढ्यावर आमची पोटं चालतात!

*

गायकवाड सर म्हणजे आमचे बॉस. त्यांनी हा नियम ऑफिसलाच लावून टाकला. केबिनमध्ये सर, नंबर शून्य. केबिनला लागून माझं टेबल, नंबर एक. माझ्या पलीकडे, खिडकीपाशी, दोन. दारापाशी आमचे तांबे काका, तीन. दोन जागांच्या मधे जे काही येईल ते लहान नंबरवाल्याचं. त्याची यादी भिंतीवर चिकटवलेली. केबिनचं दार सरांचं, म्हणून विचारल्याशिवाय ते कुणी उघडायचं नाही.

आणि दोन नंबरच्या टेबलावर राजूरची सुजाता आली, तेव्हा आमच्या मधल्या पंख्याच्या बटणाचा मालक कोण? मी!

मला पंखा पाचवर लागतो. तिला सर्दी होते. ती रोज विचारायची, "दादा, पंखा जरा कमी करता का?"

मी रोज यादीकडे बोट दाखवायचो.

*

तिचा पहिला दिवस. नंबर कसे लागतात ते मीच तिला शिकवत होतो. ती म्हणाली, "म्हणजे शून्य नंबरवाला आपल्या सगळ्या भिंतींचा मालक, आणि शेवटच्या नंबरवाल्याची आत एकही भिंत नाही? बाहेरची असली तर तेवढीच?"

सर केबिनमधून बाहेर आले. "वैभव, आठ वर्षांत तू असा एक तरी प्रश्न विचारलास का रे?"

नाही विचारला. मला उत्तर माहीत होतं, मग प्रश्न कशाला विचारू! पण हे सांगणार कुणाला?

*

तांबे काका भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त. आयुष्यभर साखळी घेऊन जमिनी मोजल्या, आता आमच्या फायली सांभाळतात. आपण इथे नक्की करतो काय, हे मी त्यांना दोन वर्षं समजावत होतो. आकृत्या काढल्या, व्हिडिओ दाखवले. काका मान हलवायचे आणि शेवटी म्हणायचे, "चांगलंय, चांगलंय."

सुजातानं एका चहात उरकलं. "काका, सेल म्हणजे गट नंबर. फेस म्हणजे दोन गटांमधला बांध. ज्याचा गट नंबर लहान, बांध त्याचा."

काकांनी बशी खाली ठेवली. "आसा नियम आमच्या खात्यात आसता, तर मी बांधावर उभा राहून येवढ्या शिव्या खाल्ल्या नस्त्या!"

त्या दिवसापासून काका रोज तिलाच विचारायचे, आज किती गट पाडले. ऑफिसातला माझा एकुलता एक विद्यार्थी गेला.

*

एकदा गणित भलतंच रेंगाळलं. सकाळी लावलेलं दुसऱ्या सकाळी संपायचं. मी सरांच्या मागे लागलो होतो, नवीन मशीन घ्या. सुजातानं मशीनला हात लावला नाही, फक्त सेलचे नंबर बदलले. जवळजवळच्या सेलना जवळजवळचे नंबर. गणित दुपारी जेवणाआधी तयार!

सरांनी विचारलं, कुठे शिकलीस? तर म्हणे, "राजूरच्या बाजारातून परतताना जीपमध्ये एका वाडीची माणसं एकत्र बसतात, सर. न्हाईतर दर थांब्याला सगळी जीप खाली करायला लागते."

सरांनी टाळी वाजवली. मीसुद्धा कोल्हारहून आठ वर्षं एसटीने येतो-जातो. मला एसटीत झोपेशिवाय काही सुचलेलं नाही.

*

आता माझा किस्सा. सरांनी जाहीर केलं होतं, या वर्षी टीम लीड नेमणार. मी आठ वर्षं एक नंबर, म्हणजे दुसरं कोण होणार? तेवढ्यात कांदाचाळीचं, म्हणजे कांदा साठवायच्या शेडचं, काम आलं. चाळी बांधून देणारा एक कारखानदार, आणि ज्यांच्या रानात नमुन्याची चाळ उभी होती ते पाराजी नाना. चाळीच्या खालच्या फळ्यांमधून वर किती हवा जाते, ते काढायचं होतं. मी सुजाताला फाईल दाखवलीच नाही. सगळं श्रेय एकट्याला हवं होतं, दुसरं काय!

दोघं ऑफिसात आले तेव्हा सगळ्यांसमोर मी ऐटीत सांगितलं, "फळ्यांमधून हवा जवळपास शून्य. डिझाइन बाद."

नाना म्हणाले, "हवा न्हाई? मंग तितं वाकल्यावर माझी टोपी का उडती?"

सुजातानं माझ्या स्क्रीनकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "दादा, फेसचं तोंड मालकाकडून शेजाऱ्याकडे असतं. इथे निम्म्यांचा मालक खालचा सेल, निम्म्यांचा वरचा. निम्मी हवा अधिक धरली, निम्मी उणे. बेरीज शून्यच येणार."

सुट्टीत प्रोजेक्टला येणाऱ्या कॉलेजातल्या पोरांना मी हीच चूक काढून दाखवतो! कारखानदार भुवया चढवून बघत होता. तेवढ्यात ती मोठ्यानं म्हणाली, "सॉरी सर, तपासायचं काम माझं होतं. माझी चूक."

नाना तिच्याकडे कौतुकानं बघत म्हणाले, "पोरगी लई सरळ हाय."

मी आतून नुसता जळलो. कौतुक नेलं, काका नेले, टाळ्या नेल्या. चूक तेवढी माझी होती, तीसुद्धा हिनं नेली!

*

पुढच्या सोमवारी सरांनी सुजाताला लीड केलं. मी अभिनंदन केलं, तोंडात कडू गोळी धरावी तसं. सर तिला म्हणाले, "आता टेबलांचे नंबर तूच लाव. तुला हवे तसे."

झालं. एक नंबर गेला, बटण गेलं. ती नवी यादी चिकटवत होती तेव्हा मी मुद्दाम खाली जाऊन टायर बघत उभा राहिलो. दोन दिवस त्या भिंतीकडे मान वळवली नाही.

तिसऱ्या दिवशी सर दौऱ्यावरून परतले आणि केबिनच्या दाराशी थांबले. उघडेनात. माझ्याकडे वळून म्हणाले, "वैभवराव, जाऊ का आत?"

मला वाटलं, चेष्टा चाललीय. काका खुर्चीतून म्हणाले, "आरं यादी बघ की! दार तुझं हाय आता."

उठलो, चष्मा लावला, वाचलं. वैभव शून्य. सर एक. तांबे काका दोन. सुजाता तीन.

तीन म्हणजे शेवटचा. पुन्हा वाचलं. खिडकी सोडली तर तिच्या नावावर काहीच नव्हतं. सर अजून दाराशी उभे होते. मी मान हलवली, तेव्हा ते आत गेले.

जागेवर येऊन बसलो. पंखा पाचवर गरगरत होता. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मग आमच्या टीम लीड म्हणाल्या,

"दादा, पंखा जरा कमी करता का?"